कूलरसमोर बसून कंपाइल

आज रविवार अख्खा नेटसीडीएफमध्ये (हवामानाच्या डेटाच्या फाइली उघडायचं सॉफ्टवेअर) गेला बाप्पा. पावसाचा डेटा उघडायचा होता, १९०१ पासूनचा, पाव अंशाच्या ग्रिडवरचा (नकाशावरच्या चौकटींचा), म्हटलं सोर्सवरून टाकू, म्हणजे मूळ कोड आपणच कंपाइल करू, एका तासाचं काम. कशाचं काय! आधी झेडलिब (डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी), मग एचडीएफ५ (फाइलचा साचा सांभाळणारी), मग नेटसीडीएफची सी लायब्ररी आणि फोरट्रानवाली परत वेगळीच, म्हणजे लग्नात मानपान असतो तसा क्रम, एकाला डावललं की पुढचा रुसलाच. मी शहाणा, थेट सी वालीपासून सुरू केलं. कॉन्फिगर, म्हणजे आधी सगळं जागेवर आहे का बघणारी स्क्रिप्ट, म्हणे एचडीएफ५ सापडत नाही. अबे, ती होमच्या फोल्डरमध्येच तर पडली आहे! पण तिचा पत्ता सीपीपीफ्लॅग्स आन एलडीफ्लॅग्स या सेटिंगमध्ये आपणच द्यावा लागते, हे समजेपर्यंत तर्री पोह्यांची प्लेट पार थंड, वर तेलाचा लाल थर जमलेला.

मेक चेक (कंपाइल नीट झालं का त्याच्या टेस्ट) चालू असताना लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर तगला पण कूलर बंद, नागपूरचा मे महिना, घाम कीबोर्डवर टपकून राहिला होता. आई म्हणे, "काहून रे, एवढं काय करून राहिला?" काय सांगू तिला!

संध्याकाळी सगळ्या टेस्ट पास. आणि आपला प्रोग्राम चालवला तर शेअर्ड लायब्ररी मिळत नाही म्हणे, लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारा एलडी लायब्ररी पाथ सेट करायचाच राहिला होता 😤

शेवटी एका वर्षाच्या फाइलवर एनसीडम्प (फाइलीत काय आहे ते दाखवणारी कमांड) मारलं आन हेडर दिसलं: अक्षांश १२९, रेखांश १३५, दिवस ३६५. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणे, "यात नागपूर कुठे हाय?"