वेअरहाऊस हाती घेणाऱ्या डीबीएसाठी

रोजच्या व्यवहारांचा डेटाबेस वर्षानुवर्षं सांभाळलेला डीबीए (डेटाबेस प्रशासक) वेअरहाऊसमध्ये, म्हणजे विश्लेषणासाठी डेटा जमवणाऱ्या डेटाबेसमध्ये, आला की सवयीने आधी इंडेक्स तपासतो. वेअरहाऊसमध्ये त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: फॅक्ट टेबलातली (विक्रीसारख्या घटनांचे आकडे ठेवणाऱ्या टेबलातली) एक ओळ म्हणजे नेमकं काय? एक बिल, की बिलातली एक वस्तू? बिलाचं 100 पोहोच-शुल्क त्याच्या 5 वस्तूंच्या ओळींवर जसंच्या तसं उतरलं, तर बेरीज 500 येते. क्वेरी वेगाने चालते, पण उत्तर चुकतं.

खरी परीक्षा असते ती इन्क्रिमेंटल लोडची. ‘शेवटच्या लोडनंतर बदललेल्या ओळी आणा’ हे ऐकायला सोपं वाटतं. पण पोस्टग्रेसमध्ये नाऊ फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. समजा, ट्रान्झॅक्शन 1:58 ला सुरू झालं, लोडने 2:00 पर्यंतच्या ओळी उचलल्या आणि कमिट 2:03 ला झालं. त्या ओळीवर शिक्का 1:58 चा, आणि पुढचा लोड 2:00 पासून वाचणार. ओळ कायमची सुटली, आणि एररही आली नाही! म्हणून सर्वांत लांब चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त वेळ मागे जाऊन वाचावं आणि ओळीची की (तिची ओळख पटवणारं मूल्य) जुळवून मर्ज करावं (असलेली ओळ सुधारावी, नसलेली घालावी), म्हणजे तोच लोड दोनदा चालला तरी ओळी दुप्पट होत नाहीत. डिलीट झालेल्या ओळी मात्र यातूनही कळत नाहीत. त्यासाठी डेटाबेसच्या लॉगवरून (बदलांच्या नोंदींवरून) बदल टिपावे लागतात, नाहीतर दोन्हीकडच्या की ताडून पाहाव्या लागतात.

ग्राहकाचा पत्ता बदलला की जुनी ओळ बंद करून नवी उघडतात, म्हणजेच टाइप 2 डायमेन्शन (डायमेन्शन म्हणजे ग्राहक, वस्तू यांचं वर्णन ठेवणारं टेबल). इथे ओळ लागू असण्याच्या काळात ‘पासून’ची तारीख धरावी आणि ‘पर्यंत’ची वगळावी. जुन्या ओळीची शेवटची तारीख आणि नवीची पहिली तारीख एकच असताना बिटवीन (दोन्ही टोकं धरणारी अट) वापरलं, तर बदलाच्या दिवशीची विक्री दोन्ही ओळींना जुळते.

एसक्यूएल सर्व्हरच्या कॉलमस्टोअरमध्ये (कॉलमनुसार केलेल्या साठवणीत) बॅचचा आकार महत्त्वाचा. बल्क लोडमध्ये 1,02,400 किंवा जास्त ओळी एकत्र आल्या तर त्या थेट कॉम्प्रेस होतात, कमी असतील तर डेल्टास्टोअरमध्ये (कॉम्प्रेस न केलेल्या तात्पुरत्या साठ्यात) पडून राहतात. रोग्रुपची (एकत्र कॉम्प्रेस होणाऱ्या ओळींच्या गटाची) कमाल 10,48,576 ओळी. शक्य तितकं तिच्याजवळ राहावं.

लोड संपल्यावर स्टॅटिस्टिक्स (टेबलातली मूल्यं कशी विभागली आहेत याची आकडेवारी) लगेच ताजी करावी. त्यातला हिस्टोग्राम कालपर्यंतचाच असेल तर ऑप्टिमायझरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) आजच्या तारखेच्या ओळी नगण्य वाटू शकतात, तो नेस्टेड लूप (प्रत्येक ओळीसाठी वेगळा शोध घेणारी, थोड्या ओळींनाच परवडणारी पद्धत) निवडतो आणि सकाळचा रिपोर्ट अडकतो. तक्रार आली की लोक मेमरी वाढवायला धावतात. आधी क्वेरीच्या प्लॅनमधल्या अंदाजित आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात.

आणि रोज, न चुकता, स्रोत आणि वेअरहाऊस यांच्यात तारखेनुसार दोन आकडे जुळवावेत: ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज. फक्त संख्या पुरत नाही, कारण एक ओळ सुटली आणि एक दोनदा आली तरी ती जुळते.