छऱ्याने खडू फुटतानाचा फोटो: माझा अनुभव

एअरगनच्या छऱ्याने खडू फुटताना एक फोटो काढायचा, एवढंच डोक्यात होतं. शटर १/८००० ला ठेवलं की झालं असं वाटलेलं. पण हिशोब मांडला तर माझा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर जातो, म्हणजे १/८००० सेकंदात तो जवळजवळ दोन सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो आणि स्वतः जेमतेम सहा-सात मिलिमीटरचा, मग दिसणार काय डोंबल!

नंतर कळलं की यात शटरला काही कामच नाही. खोलीत मिट्ट काळोख करायचा, शटर बल्ब मोडवर (म्हणजे हवं तितका वेळ उघडं राहतं तसं) दोन-तीन सेकंद उघडं टाकायचं आणि फोटो काढतो तो फ्लॅश. अतिवेगवान फोटोंसाठी प्रसिद्ध अमेरिकन इंजिनिअर हॅरोल्ड एजर्टनचा तो सफरचंदातून आरपार गेलेल्या गोळीचा १९६४ चा फोटो आहे ना, तोही फ्लॅशचाच खेळ, फक्त त्याचा फ्लॅश एक मायक्रोसेकंदसुद्धा पेटत नसे. माझ्याकडे साधा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवायचा सुटा फ्लॅश. पहिल्यांदा फुल पॉवरवर मारला तर छऱ्याच्या जागी लांबलचक धुरकट रेघ. इथे गंमत अशी की पॉवर कमी केली की फ्लॅश लवकर विझतो, १/१२८ पॉवरला जेमतेम १/३०००० सेकंद वगैरे. उजेड अर्थातच इतकासा, म्हणून फ्लॅश खडूपासून वीतभर अंतरावर आणला आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६०० केला.

खरा छळ टायमिंगचा. नळीच्या तोंडाशी बाराचा आवाज टिपायला माइक, तो आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), आर्डुइनो फ्लॅशला. नळीपासून खडू एक मीटरवर, म्हणजे छर्रा पोचायला ६.७ मिलिसेकंद, तेवढा डिले द्यायचा. मी शहाण्याने डिले पूर्ण मिलिसेकंदात लिहिला होता, त्यामुळे एक आकडा बदलला की छर्रा एकदम १५ सेंटीमीटरची उडी मारायचा, एका फोटोत खडू धडधाकट आणि पुढच्यात नुसती पूड. मायक्रोसेकंदात लिहिल्यावर कुठे हाताशी यायला लागलं. त्यात माझी बंदूक स्प्रिंगची, छर्रा बाहेर पडायच्या आधीच पिस्टनचा दणका बसतो आणि माइक त्यालाच फसतो, म्हणजे कागदावरचा ६.७ गेला बाजूला, एकेक शॉट मारत डिले वाढवत नेला. शेवटी शेवटी तर कोडला हात न लावता माइकच मागेपुढे सरकवायचो, सेंटीमीटरभर मागे घेतला की आवाज २९ मायक्रोसेकंद उशिरा पोचतो, तेवढ्यात छर्रा चार मिलिमीटर पुढे.

हो, बंदूक शिकंज्यात घट्ट आवळलेली, मागे जाड प्लायवूडपुढे चिंध्या ठासलेला खोका, डोळ्यांवर गॉगल, आणि सगळे बंदुकीच्या मागे आले याची खात्री केल्याशिवाय दिवा घालवायचा नाही. अंधारात छर्रा मारायचाय, इथे हयगय नको.

साठेक खडू गेले. जो फोटो जमला त्यात खडूचे दोन तुकडे अजून सरळ रेषेत उभे आहेत, मध्ये पांढऱ्या पुडीचं कडं फुटलंय आणि त्याच्या बोटभर पुढे छर्रा. पुडीचा कण न कण मोजता येतो. छर्रा मात्र पुसट आहे, १/३०००० मध्येही तो पाच मिलिमीटर सरकतोच ना. ठिणगीवाला फ्लॅश बनवला तर तोही थांबेल, पण त्याला लागणारा हजारो व्होल्टचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) घरात हाताळायची आपली काही छाती नाही.