तुम्ही विचारलंत म्हणून: घर आत्ता, या क्षणी, आकाशातून दिसतं का?

उपग्रहांनी घेतलेल्या प्रतिमा वाचणं हे माझं काम आहे. हे समोरच्याला कळलं की थोड्याच वेळात प्रश्न येतो: "आमचं घर आत्ता दिसेल का हो त्यात? लाइव्ह?" कुणी हौसेनं विचारतं, कुणी आवाज खाली करून. मी 'नाही' म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "आम्हाला नसेल दिसत. तुम्हाला दिसत असणार." म्हणजे एक तर मी खोटं बोलते आहे, किंवा मला तोंड उघडायची परवानगी नाही. इतकी वर्षं हे उत्तर मी तुकड्यातुकड्यांत देत आले. आज सलग लिहिते.

मला दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही. पैसे मोजले तर फोटो मिळतो, पण तो आधी कधीतरी काढून ठेवलेला. नवा हवा असेल तर ऑर्डर द्यायची, उपग्रह वरून जाण्याची वाट बघायची आणि त्या वेळी ढग नसावेत अशी आशा करायची. आता काही कंपन्या अशी ऑर्डर साध्या माणसाकडूनही मोबाइलवर घेतात, हे खरं आहे. पण येतो तो फोटोच, खिडकी उघडून बाहेर बघितल्यासारखं चालतंबोलतं दृश्य नव्हे.

यामागचं कारण कुणी दडवलेलं नाही. घराचं छप्पर ओळखू यावं इतका बारकावा देणारे उपग्रह साधारण 500 ते 800 किलोमीटर उंचीवरून जातात. त्या उंचीवर टिकायचं तर सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेग लागतोच, तिथं थांबायची सोय नाही. क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत उपग्रहाला दहाएक मिनिटं लागतात आणि त्यातली नीट फोटो घेण्याजोगी थोडीच. धावत्या गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडासारखं तुमचं घर समोर येतं आणि मागे पडतं. त्यातून यातले बरेच उपग्रह अशा कक्षेत असतात की ते कुठल्याही जागेवरून जेव्हा जातात तेव्हा साधारण त्याच सुमाराला, बहुधा सकाळी साडेदहाच्या आसपास जातात, कारण तेव्हा उजेड आणि सावल्या कामाच्या असतात.

"मग ते एका जागी स्थिर असणारे उपग्रह?" असतात की. 35,786 किलोमीटरवर. हवामानाचे उपग्रह तिथेच आहेत. जपानचा हिमावारी दर 10 मिनिटांनी पृथ्वीच्या समोरच्या अख्ख्या बाजूचं चित्र पाठवतो आणि ते कुणालाही फुकट बघता येतं. 'लाइव्ह'च्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच. पण त्याचा सगळ्यात बारीक ठिपकासुद्धा (चित्र ज्या ठिपक्यांनी बनतं त्यातला एक, म्हणजे पिक्सेल) जमिनीवरच्या अर्ध्या किलोमीटरचा आहे. तुमचं घर, शेजाऱ्यांची घरं, मागचा रस्ता, सगळं त्या एका ठिपक्यात. तेवढ्या उंचीवरून एक मीटरची वस्तू वेगळी ओळखायची तर सुमारे 24 मीटर रुंदीचा आरसा लागेल. प्रकाशाचाच तसा नियम आहे. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा आहे, आणि तोही घड्या घालून वर न्यावा लागला.

बाकीचं पटकन सांगते. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं मोफत आहेत. दोन उपग्रह मिळून दर 5 दिवसांनी तुमच्या जागेवरून जातात, ठिपका 10 मीटरचा, म्हणजे घर एका-दोन ठिपक्यांत संपतं. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं 2008 पासून फुकट आहेत, ठिपका 30 मीटरचा. प्लॅनेट कंपनीचे छोटे उपग्रह जवळजवळ रोज सगळी जमीन टिपतात, साधारण 3 मीटरच्या बारकाव्यानं. 2014 मध्ये वर गेलेल्या वर्ल्डव्ह्यू-3 या उपग्रहाचा ठिपका 31 सेंटिमीटरचा. त्यात गाडी दिसते, नंबरप्लेट नाही. माणूस वरून बघितला तर एक-दोन ठिपक्यांचा, चेहऱ्याचा प्रश्नच येत नाही. आणि गूगलच्या नकाशावर जे इतकं स्वच्छ दिसतं, त्यातलं शहरांमधलं पुष्कळसं विमानातून काढलेलं असतं आणि सहसा एक ते तीन वर्षांचं जुनं असतं. एकांनी मला फोनवर स्वतःची गाडी दाखवली होती. "बघा, आत्ता दारात आहे की नाही?" गाडी होती. पण त्यांनी केव्हाच तोडलेलं झाडही तिथं उभं होतं. 'लाइव्ह सॅटेलाइट' नावाची अ‍ॅप्स हेच जुने नकाशे दाखवतात, किंवा अंतराळ स्थानकावरच्या कॅमेऱ्यातला समुद्र आणि ढग.

"सरकारांकडे तरी असेलच ना?" त्यांच्याकडे जास्त बारकावा आहे, हे मी कधी नाकारलं नाही. ऑगस्ट 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी इराणच्या एका प्रक्षेपण केंद्राचा फोटो ट्विटरवर टाकला. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही चित्रापेक्षा तो स्पष्ट होता. पण पुढे काय झालं ते बघा. हौसेखातर उपग्रहांचा माग ठेवणाऱ्या लोकांनी फोटोतल्या सावल्यांवरून वेळ काढली, त्या वेळी तिथून कोण जात होतं ते तपासलं आणि तो यूएसए-224 हा हेरगिरी करणारा उपग्रह असल्याचं सांगितलं. इतका ताकदवान उपग्रहसुद्धा ठरलेल्या वेळी येतो आणि निघून जातो. त्याला तुमच्या गच्चीवर ठाण मांडता येत नाही.

इथपर्यंतचं उत्तर मी डोळे मिटून देऊ शकते. बरीच वर्षं एवढंच देत होते आणि शेवटी म्हणायची, "निश्चिंत राहा." ते शेवटचे दोन शब्द आता माझ्या तोंडून निघत नाहीत.

ओळखीतून एका बाईचा फोन आला. नवऱ्यापासून वेगळी राहत होती. तिनंही हाच प्रश्न विचारला, फक्त उलट्या बाजूनं: "ताई, माझं घर कुणाला वरून आत्ताच्या आत्ता दिसू शकतं का?" मी माझं नेहमीचं सुरू केलं. उंची, वेग, ठिपके. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण तो सांगतो ना मला. काल संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेले होते, ते त्याला माहीत होतं. रात्री अकराला दाराबाहेरचा दिवा लावला, तेही. माझी बहीण येऊन गेली, ते कळलं. आणि तो म्हणतो, मला सॅटेलाइटवर सगळं दिसतं, तू कुठेही जा."

तिनं गच्चीवर जाणं सोडलं होतं. कपडे घरातच वाळत घालायची. मुलाला अंगणात खेळू द्यायची नाही. बाहेर पडताना छत्री उघडायची, ऊन नसलं तरी. ती वेडी नव्हती आणि अडाणीही नव्हती. तिला खऱ्या गोष्टी सांगितल्या जात होत्या आणि त्या कळण्याचा मार्ग तेवढा खोटा सांगितला जात होता. अशा वेळी माणूस छत्रीच उघडणार.

मी तिच्या घरी गेले. एकेक गोष्ट घेऊन बसलो. संध्याकाळची गच्ची: त्या वेळी तिथून एखादा उपग्रह गेलाच असं धरलं, तरी त्याला एक ठिपका दिसेल. ती तू आहेस की पाण्याची कळशी, हे कुणी सांगू शकणार नाही. रात्रीचा दिवा: रात्रीच्या उजेडाची जी चित्रं रोज आणि फुकट मिळतात, त्यांचा ठिपका पाऊण किलोमीटरचा. अंधारात आणि ढगांतून बघणारे रडारचे उपग्रह आहेत, पण रडारला दिवा लागलेला कळत नाही. बहीण: वरून चेहरा दिसतच नाही. हे सगळं मी कागदावर काढून दाखवलं. तिचा चेहरा सैल होत गेला आणि मला बरं वाटलं.

मग तिनं विचारलं, "मग त्याला कळतं कसं?"

हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता, कारण माझ्या 'नाही'पाशी बोलणं संपायचं. त्या खोलीत ते संपण्यासारखं नव्हतं. आकाश गेलं, तर उरलं घर. दारावरचा कॅमेरा नवऱ्यानंच बसवला होता, ते दोघं एकत्र राहत असताना. त्याचं खातं अजून त्याच्याच नावावर होतं. दिवा आणि बहीण तिथूनच. तिच्या फोनवरचं गूगल खातं एका जुन्या टॅबलेटवरही उघडं होतं आणि तो टॅबलेट त्याच्या घरी राहिला होता. तिचे फोटो, शोधलेले पत्ते, फोन कुठं आहे ते, सगळं तिथं जात होतं. गच्चीवरून तिनं सूर्यास्ताचा एक फोटो काढला होता. तो त्याला मिनिटभरात दिसला असणार.

मला वाटलं होतं, कारण सापडलं की ती मोकळी होईल. ती रडायला लागली. उपग्रह परका होता, लांब होता, त्याच्यापुढे कुणाचंच काही चालणार नाही असं म्हणता येत होतं. हे तिच्या हातातलं होतं, उशाशी ठेवलेलं. मी टॅबलेटवरचं खातं तिथल्या तिथे बंद करायला निघाले, तर तिनंच थांबवलं. "एकदम बंद केलं तर तो दारात येईल." बरोबर होतं तिचं. अशा वेळी आधी पुरावे जपायचे, अशा प्रकरणांत मदत करणाऱ्या समुपदेशकांशी बोलायचं, नवं खातं दुसऱ्या फोनवरून उघडायचं आणि मग जुनी दारं कधी, कशी बंद करायची ते सुरक्षिततेचा विचार करून ठरवायचं. हे मला पुढे त्या क्षेत्रातल्या लोकांकडून कळलं. उपग्रहशास्त्रात यातलं काही शिकवत नाहीत.

तेव्हापासून माझं माझ्याशीच भांडण चालू आहे. जुनी मी म्हणते, तुला विचारलं तेवढ्याचं उत्तर दे. सव्वाशे जणांना गच्ची बघायची हौस असते, प्रत्येकाला फोनची खाती तपासायला लावशील तर तूच भीती पसरवशील. तिचं म्हणणं चूक नाही. नवी मी म्हणते, "उपग्रहातून दिसत नाही" हे वाक्य खरं असूनही, ज्याला कुणीतरी खरंच बघत असेल त्याच्या दृष्टीनं ते अपुरं आहे. आणि तुझ्या 'नाही'चा त्या माणसाला उपयोग होतो, जो आकाशाकडे बोट दाखवून खालचं लपवतो आहे. दोघींपैकी कुणाचं ऐकायचं, हे माझं अजून ठरत नाही.

शिवाय ते 'नाही' कायमचं आहे, असंही मी म्हणू शकत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये भारताच्या एकाच पीएसएलव्ही रॉकेटनं 104 उपग्रह वर नेले. त्यातले 88 प्लॅनेटचे होते. रोज सगळी जमीन टिपायची, ही कल्पना तेव्हा प्रत्यक्षात आली. स्कायसॅट नावाचा उपग्रह 2013 पासून दीड मिनिटापर्यंतचे व्हिडिओ घेऊ शकतो. त्यात रस्त्यावरच्या गाड्या सरकताना दिसतात. तोही नंतर खाली पाठवलेला असतो, तरी दीड मिनिट हे शून्य नव्हे. 10 सेंटिमीटरच्या ठिपक्यापर्यंत जायचे प्रयत्न चालू आहेत.

आणि वरून एखाद्या शहरावर सतत नजर ठेवता येते का, याचं उत्तर 'हो' असंच आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरावर ती ठेवली गेली. एक छोटं विमान तासन् तास घिरट्या घालून जवळजवळ सेकंदाला एक चित्र घेत होतं. 2016 मध्ये ते उघडकीला आलं, 2020 मध्ये पुन्हा उघडपणे करून बघितलं गेलं आणि 2021 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. त्या चित्रांतही माणूस एक ठिपकाच होता. पण ठिपका कुठून निघाला आणि कुठल्या घरात शिरला हे मागे जाऊन बघता येत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. "चेहरा दिसत नाही" हा माझा आवडता मुद्दा. त्या शहरातल्या माणसाला तो मी कुठल्या तोंडानं ऐकवणार?

ज्यांना खरंच बघायचं असतं, त्यांच्याबद्दलही मला लिहायचं आहे. पुरात गाव तुटलं की फोन येतात. आईवडील तिकडे आहेत, छतावर कुणी दिसतंय का, एवढंच बघा. तेव्हा आकाश ढगांनी भरलेलं असतं. रडारच्या चित्रात पाणी काळं दिसतं, म्हणून पूर कुठपर्यंत आला ते सांगता येतं. छतावर कोण आहे, ते नाही. मोठ्या आपत्तीत अंतराळसंस्था 2000 पासूनच्या एका आंतरराष्ट्रीय कराराखाली मदतकार्याला चित्रं मोफत देतात, पण तीही उपग्रह तिथं पोहोचेल तेव्हाची. या लोकांना 'नाही' म्हणताना मला कुठलाही मुद्दा सिद्ध करायचा नसतो. त्यांना ते दिसायला हवं होतं.

ती बाई अजून अधूनमधून फोन करते. नव्या उपग्रहांची बातमी आली की विचारते, "ताई, अजून नाहीच ना?" मी सांगते, आज नाही. पूर्वी नुसतं 'नाही' म्हणायची. तिनं तो 'आज' ऐकला आणि विचारलं, "म्हणजे पुढे?" मी हिशेब सांगितला. एका जागेवर सतत नजर ठेवायची तर एकामागून एक येणारे शेकडो उपग्रह लागतील, तिरकस कोनातून बघावं लागेल, ढग आणि रात्र उरतीलच, आणि हा खर्च एका छपरासाठी कुणी करणार नाही. ती म्हणाली, "एका छपरासाठी नाही करणार. सगळ्यांच्या छपरांसाठी केला तर?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तसं मी तिला सांगितलं.

तेव्हा यापुढे विचाराल तर एक करा. का विचारताय, तेही सांगा. घर बघायची ओढ असेल तर सुरुवातीचे परिच्छेद पुरेत, आणि सेंटिनेलची चित्रं कशी उघडायची ते मी आनंदानं दाखवेन. पण कुणीतरी तुम्हाला तुमच्याच घरातल्या गोष्टी सांगत असेल आणि वर बोट दाखवत असेल, तर मला तसं स्पष्ट सांगा. आणि जो फोन त्याच्या हाताला कधी लागलेला नाही, त्यावरूनच बोला.