हळदीवर काम का नाही?

‘अरे, सुजेवर संशोधन करतोस ना? मग हळदीवर कर की!’ सांगलीचा फोन आला की हे ठरलेलं. ज्यांनी मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे पाहिलेत, त्यांना उत्तर पटायचं नाही, तरी लिहितो. इथे इंग्लंडात लॅबमध्ये कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘नुसत्या रंगाचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, ठेवलाय का?’ राग येतो. पण प्रश्न रास्त आहे.

सूज तपासायची तर आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी हव्यात. रक्त दात्याचं, लेखी संमतीने. स्वतःचं चालत नाही: प्लेटमध्ये बिघडलेली आपलीच पेशी सुईने अंगात गेली, तर शरीर तिला परकी समजणार नाही. रक्तात तेवढंच पीबीएस (क्षारांचं द्रावण) मिसळायचं आणि नळी तिरकी धरून १.०७७ घनतेच्या फायकॉलवर (पेशी वेगळ्या करणारा दाट द्रव) कडेने हळूहळू सोडायचं. मग नळी गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट), ३० मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक बंद. नवखा हमखास ब्रेक विसरतो. झटक्याने थांबताना थर ढवळले जातात आणि सकाळ वाया. फायकॉल थेट फ्रिजमधून काढलं असेल तर लाल पेशी वरच रेंगाळतात. जमलं तर मध्ये ढगाळ पांढरं कडं दिसतं: लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी, एका मिलिलिटर रक्तातून साधारण १० ते २० लाख. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी लाल पेशींबरोबर तळाला जातात. ते भडक डोक्याचे गडी, नळी जोरात हलवली तरी पेटतात.

मोनोसाइटना मिलिलिटरमागे १०० नॅनोग्रॅम एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातलं, पेशींना चेतवणारं द्रव्य) दिलं की दुसऱ्या दिवशी वरच्या द्रवात टीएनएफ, म्हणजे सुजेचा इशारा देणारं प्रथिन, मोजता येतो. आता यात हळद घाला. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ हा द्रावक, तोही शेवटी ०.१ टक्क्याच्या आत. सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) नसेल तर ३७ अंशांना अर्ध्या तासात बहुतेक कर्क्युमिन तुटतं. मग डोस नेमका कशाचा दिला? फ्लो सायटोमीटरवर (लेझरने एकेक पेशी तपासणारं यंत्र) ते स्वतःच हिरवं चमकतं, त्यामुळे चमकणारी खूण म्हणून वापरायची अँटीबॉडी न लावताही पेशी ‘पॉझिटिव्ह’. सगळ्यात फसवं म्हणजे जास्त डोसने पेशी मरतात, टीएनएफ उतरतो, आणि सूज गेली म्हणून टाळ्या पडतात. म्हणून प्लेटमधली एक वेल (खळगा) नुसत्या डीएमएसओची, एक अँटीबॉडीशिवाय कर्क्युमिनची, आणि मेलेल्या पेशी दाखवणारा रंग लाल लेझरवरचा, म्हणजे हिरव्या चमकेत मिसळणार नाही.

मात्र इथल्या कॅफेत हळदीचं दूध महागात विकतात, तेव्हा कंट्रोल कुणी मागत नाही! जखमेवरच्या हळदीचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, तेव्हाही ही चिकित्सा कुठे होती? सीएसआयआर या भारताच्या संशोधन परिषदेने जुने दाखले पुढे केले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, हे तर मी जेवताना सगळ्यांना ऐकवतोच.

राहिली सांगलीहून पार्सलात येणारी हळद. तीच पेशींवर टाक ना, असंही सुचवतात. पण मातीतल्या जिवाणूंचं एलपीएस पुडीत असणारच. हळकुंडं शिजवून वाळवली तरी ते जात नाही, दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हलाही दाद देत नाही. प्लेटमध्ये टीएनएफ उलट वाढलेला दिसेल आणि नाव राजापुरीचं खराब होईल. म्हणून ती आमटीतच पडते.