टाकीवरची धूळ

कोल्हापुरात उद्यमनगरला माझं छोटं गॅरेज आहे, अठरा वर्षं झाली. निम्मी कामं स्प्लेंडर आणि ॲक्टिवाची. पण कॉलेजची पोरं यामाहाची आर-फिफ्टीन, केटीएमची आरसी असल्या स्पोर्ट बाईक घेऊन यायला लागल्यापासनं एक तक्रार दर महिन्याला ठरलेली, दादा मनगट दुखतंय, पाठ धरतीय. आणि माझं उत्तरही ठरलेलं, स्पोर्ट बाईक हाय भावा, सवय होईल. हे किती पोरांना ऐकवलं असेल कुणास ठाऊक. गेल्या दिवाळीच्या आधी एका पोराच्या गाडीनं मला गप्प केलं.

पोरगं इंजिनिअरिंगचं, सेकंडहँड आर-फिफ्टीन व्हर्जन थ्री घेतलेली. आधी दोनदा येऊन गेलं होतं आणि दोन्ही वेळा मी वरचंच वाक्य फेकून चेन टाईट करून पाठवलेलं. तिसऱ्यांदा आलं ते मनगटाला क्रेप बँडेज आणि हातात एक खोका घेऊन. खोक्यात ऑनलाईन मागवलेले हँडल रायझर, म्हणजे हँडल उंच करायचे तुकडे. म्हटलं पडलास काय, तर म्हणालं पडलो नाही, पण पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढं एका वळणावर गाडी वळलीच नाही. वळवत होतो तरी सरळच गेली, रस्ता सोडून मातीत जाऊन थांबली, समोरनं काही येत नव्हतं म्हणून वाचलो. "दादा, हँडल जाम हाय, नाहीतर ब्रेक. पप्पा म्हणत्यात विकून टाक."

गाडी वळली नाही म्हटल्यावर मला झोंबलं, कारण सर्व्हिस माझी होती.

सगळं सोडून गाडी आत घेतली. पुढचं चाक उचलून कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बघितला, एका बोटानं हँडल ह्या टोकाचं त्या टोकाला जातंय, मधे कुठं अडकत नाही. टायर चांगले, हवा बरोबर, ब्रेक पॅड अर्धे शिल्लक. स्वतः चक्कर मारून आलो, गाडी लोण्यासारखी वळते. आता काय सांगायचं ह्याला? गाडी धुवायला लावू म्हणून पोऱ्याला हाक मारली आणि तेवढ्यात टाकीकडं लक्ष गेलं.

टाकीच्या दोन्ही बाजूला, जिथं गुडघे आणि मांडीची आतली बाजू लागते तिथं, धूळ जशीच्या तशी. बोट फिरवलं तर रेघ उमटली. पन्हाळ्याला जाऊन आलेली गाडी आणि टाकीला मांडीचा स्पर्श नाही! रोज चालवलेल्या स्पोर्ट बाईकचा तिथला रंग घासून मंद झालेला असतो. मग हँडलची ग्रिप बघितली. तळहाताच्या टाचेखाली, करंगळीच्या बाजूला, रबराची नक्षी गुळगुळीत झालेली, बाकी ग्रिप नवी कोरी. म्हणजे हा माणूस सीटवर कमी आणि हातांवर जास्त बसत होता. विचारलं, करंगळी बधिर होते का? म्हणालं करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, अर्ध्या तासात मुंग्या येतात. माझ्या एक फिजिओथेरपिस्ट गिऱ्हाईक ताई आहेत, त्यांनी नंतर सांगितलं की त्या दोन बोटांची नस तळहाताच्या तिथूनच जाते, दाबली की बोटं झोपतात.

त्याला म्हटलं चल, तू पुढं, मी मागनं स्प्लेंडरवर येतो. विद्यापीठाच्या बाजूच्या रस्त्याला काढलं. मागनं बघितलं आणि मलाच लाज वाटली. कोपरं काठीगत सरळ, खांदे कानाला लागलेले, गुडघे बाहेर फाकलेले, फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, टाचा. ब्रेक मारला की अख्खं अंग पुढं घसरून हातांवर. मग वळण कुठलं येतंय त्याला? थोडा स्पीड असला की डावीकडं जायला डावं हँडल हलकंसं पुढं ढकलावं लागतं, गाडी त्या अंगाला कलते. आपण सगळे नकळत हेच करतो. पण दोन्ही हातांवर अंगाचा भार टाकून हात ताठ धरले की डावा ढकलतो त्याला उजवा अडवतो, आणि उतारावर घाबरून ब्रेक मारला तर भार आणखी वाढतो. गाडी सरळ जाणार नाहीतर काय.

ह्यात गाडीचाही थोडा दोष आहे म्हणा. 2008 ला आर-फिफ्टीन पहिल्यांदा आली तेव्हा सीट एकसंध आणि बसणं बरंच सोपं होतं, 2011 च्या व्हर्जन टू पासनं मागची सीट वेगळी आणि उंच झाली, आणि थ्रीला तर हँडल आणखी खाली. सीटची उंची 815 मिलीमीटर, पोरगं साडेपाच फुटाचं, खाली पाय टेकायची भीती म्हणून टाकीला चिकटून पुढं बसायचं. पुढं बसलं की हात आणखी ताठ.

गॅरेजात येऊन गाडी पॅडॉक स्टँडवर, म्हणजे मागचं चाक उचलून गाडी सरळ उभी धरणाऱ्या स्टँडवर, घेतली, त्याला वर बसवलं आणि म्हटलं आहेस तसाच रहा आणि दोन्ही हात सोड. सोडले, आणि धाडकन हेल्मेटसकट टाकीवर! पोऱ्या हसला, मी त्याला चहा आणायला पिटाळला. मग मागं सरकवलं, टाकी आणि त्याच्यात एक मूठ बसेल एवढी जागा. पंजाचा उंचवटा पेगवर, टाच नाही. गुडघ्यांनी टाकी आवळ, कमरेतनं वाक, पाठीचा कुबड काढू नकोस, पोट जरा आत. आता हात सोड. थरथरलं पण टिकलं, मी मोठ्यानं दहा आकडे मोजले. चहा आला तेव्हा म्हटलं हँडल कसं धरायचं तर हा ग्लास धरलायस तसं, गरम आहे म्हणून कुणी आवळत नाही आणि सोडतही नाही.

मग गाडीची कामं. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर जवळजवळ आडवे सेट केलेले, बोटं वर उचलावी लागायची आणि मनगट मोडायचं. क्लॅम्प ढिले करून खाली फिरवले, हात आणि बोटं एका रेषेत येईपर्यंत. गिअर लिव्हर उंच होता, त्याच्यामुळं तर टाच पेगवर जात होती, रॉडची नटं सोडून खाली घेतला. आणि मेन म्हणजे शेजारच्या सुताराची टेप आणून मापलं तर उजवं हँडल डाव्यापेक्षा अर्धा इंच आत वाकलेलं. पहिल्या मालकानं कधीतरी पाडली असणार. सहा महिने पोरगं तिरकं बसून चालवत होतं आणि मी दोनदा गाडी हातात घेऊनही बघितलं नव्हतं. नवं हँडल मागवून चार दिवसांनी टाकलं, मजुरी घेतली नाही. तोंडच नव्हतं घ्यायला.

रायझर त्याला बसवूनच पाहिजे होते. म्हटलं बसवून देतो पण हँडल पूर्ण वळवलं की ब्रेकचा होज, म्हणजे नळी, ताणतोय का बघावं लागंल, फेअरिंगला, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या कव्हरला, हात लागतोय का बघावं लागंल, आणि तू असाच बसलास तर दोन इंच वर जाऊनही हातांवरच बसशील. आधी महिनाभर असं चालव. नायलॉनची ट्रॅकपँट घालू नकोस, टाकीवरनं मांडी घसरते, जीन घाल. आणि गुडघे ब्रेक मारायच्या आधी आवळ, नंतर नाही.

माझा उस्ताद मला आरएक्स हंड्रेडवर शिकवायचा तेव्हा हे कधी बोलला नाही. गुडघे सुटले की मागनं मांडीवर चापटी द्यायचा, तेवढंच. त्यामुळं मला हे येत होतं पण सांगता येत नव्हतं, म्हणून सवय होईल म्हणत राहिलो असं आता वाटतं.

नवं हँडल टाकल्यावर रविवारी पहाटे पन्हाळ्याला जाऊन आलं आणि सोमवारी सकाळी फोन. "दादा, मनगट एकदम ओके, पण मांड्या एवढ्या भरल्यात की हॉस्टेलचा जिना उतरता येईना." म्हटलं, एक-दोन दिवस लिफ्टनं जा. तर म्हणालं लिफ्ट नाही.

खोका अजून माझ्या फळीवर आहे. न्यायला आला नाही, त्यात मी जुने स्पार्क प्लग ठेवतो.