खळ्यातली एअरशिप, नोंद ६ : शेपटी उचलली

रविवारी भर दुपारी वावरातून वावटळ आली आणि डोळ्यांदेखत माझ्या मॉडेल एअरशिपची, म्हणजे लांबट फुग्याच्या हवाई जहाजाची, शेपटी वर गेली. नाक खांबाला, बाकी अंग जवळपास उभं. चुलतभाऊ दोरी धरायला धावला, त्याला मी ओरडून थांबवलं. नाकावरच्या कडीची शिवण चार बोटं उसवली, फुगा वाचला.

ओरडलो ते ११ मे १९३२ आठवून. कॅलिफोर्नियात अमेरिकन नौदलाची एअरशिप 'अ‍ॅक्रॉन' उतरताना उन्हानं हेलियम तापून जहाज हलकं झालं, दोर धरलेले तीन खलाशी वर ओढले गेले, दोघं पडून मेले. आपलं मॉडेल ३ मीटरचं, उचल दीड किलोही नाही. तरी हात सोडायची सवय आत्ताच लागायला हवी.

शेपटीचं दुखणंही जुनंच. २५ ऑगस्ट १९२७ ला अमेरिकेतल्या लेकहर्स्ट या नौदलाच्या तळावर, उंच खांबाला बांधलेली २०० मीटरची 'लॉस अँजेलिस' नावाची एअरशिप अशीच नाकावर उभी राहिली. मागून समुद्राची थंड, जड हवा आली. जहाज वळायच्या आत शेपटीला जास्तीची उचल मिळाली. आमच्याकडे कारण वेगळं, वावटळीचा वर जाणारा झोत. पुढे अमेरिकनांनी खांब बुटका केला आणि शेपटी गोल रुळांवरच्या गाड्यावर बांधली.

म्हणजे आपलं खळंच की! मधे मेढ, भोवती बैलांची पात. हरभरा निघून खळं मोकळं झालंय. मेढीवर सायकलचा पुढचा हब उभा बसवला, वर नाक खालीवर हलायला बिजागरी. शेपटीखाली दोन चाकांचा गाडा, त्यावर रेतीची पिशवी. चाकांचा आस नेमका मेढीकडे रोखलेला हवा. बोटभर तिरका झाला तरी गाडा घासतो.

खरी ओढाताण रेतीची आहे. ताशी १८ किलोमीटरचा वारा आडवा लागला तर माझ्या हिशेबानं अंगावर दोनेक किलोचा रेटा येतो, ३६ ला चौपट. म्हणून नाक झटकन वाऱ्याकडे वळायलाच हवं. ३ किलो रेतीत गाडा जागचा हलेना, १ किलोत शेपटी पुन्हा उचलली. सध्या २ किलोवर आहे.

आज पहाटे पाहिलं तर सारवलेल्या जमिनीवर चाकांचा पुरा गोल उमटला होता, आणि नवी शिवण जशीच्या तशी.