इंजिन बंद केलं आणि मीटर ओरडला

मेलबर्नच्या पूर्वेला, जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात मी कामाला आहे. कार्ब्युरेटर, मॅग्नेटो, गंजलेल्या टाक्या हे आमचं रोजचंच. त्या सकाळी आलेली १९३८ ची शेव्हरलेट मात्र पाठीवर भट्टी घेऊन आली होती.

इथे पेट्रोलचं रेशनिंग ऑक्टोबर १९४० मध्ये सुरू झालं आणि कायमचं उठायला १९५० उजाडलं. त्या काळात शेतकऱ्यांनी गाड्यांना कोळशाच्या भट्ट्या बसवल्या; भट्टीत कोळसा अर्धवट जळून जो गॅस निघतो, त्यावर इंजिन चालायचं. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात सर्व्हिस मोटारी, म्हणजे प्रवासी बस, कोळशावर धावत होत्या. आमचे आजोबा सांगायचे, पहाटे क्लीनर हँडल मारून भट्टीचा पंखा फिरवायचा आणि घाटात उतारूंना खाली उतरावं लागायचं.

ही गाडी मालकाच्या वडिलांची. मालकांना ती गेम्ब्रूकजवळच्या कर्थ किल्नपर्यंत न्यायची होती. रसायनशास्त्रज्ञ डॉ. कर्थ यांच्या आराखड्यावरून वनखात्याने १९४१ मध्ये बांधलेली ही लाकडाचा कोळसा बनवायची भट्टी १९४३ च्या सुमारास बंदही पडली, कारण तोवर कोळसा गरजेपेक्षा जास्त झाला होता.

तक्रार साधी होती: "पेट्रोलवर झकास पळते, कोळशावर सपाटीलाही दम टाकते." ताकद थोडी कमी होणारच. भट्टीतल्या या गॅसचा निम्मा भाग नायट्रोजन, तो जळतच नाही. जळतो तो मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन. तिसरा हिस्सा ताकद गेली तर मी कुरकुर करत नाही. पण सपाटीला धाप लागावी एवढीही घट नसते. मग जाता जाता मालक म्हणाले, "फेरी मारली की डोकं धरतं. उन्हाचं असेल." तेव्हा मी टूलबॉक्स बाजूला ठेवला आणि आधी कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा मीटर केबिनमध्ये टांगला.

गाडी बाहेर उघड्यावर घेतली, भट्टी पेटवली, पंखा लावला. फिल्टरच्या पुढच्या तपासणीच्या नळीला काडी लावली. सुरुवातीला नुसता धूर, मग निळसर, दिवसाउजेडी जेमतेम दिसणारी ज्योत टिकून राहिली. म्हणजे भट्टी ठीक, फिल्टरही ठीक. पेट्रोलवर इंजिन चालू करून गॅसवर घेतलं. रडतखडत चाललं. गॅसमध्ये हवा मिसळणारी झडप पाहिली, तर ती जवळजवळ पूर्ण बंद! मालकांनी अंदाजाने तशी लावली होती. त्यापेक्षा जरा उघडली की इंजिन बंद पडायचं. मग इंजिनाला हवा मिळत होती कुठून?

मीटर मात्र गप्प. माझा सहकारी म्हणाला, "गळती नाहीच." इथेच माणूस फसतो. इंजिन चालू असताना ते गॅस ओढत असतं, त्यामुळे नळीला भोक असलं तरी गॅस बाहेर येत नाही. उलट बाहेरची हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं. मी इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना लांब उभं केलं. ओढ थांबली, पण निखारे तापलेलेच, गॅस तयार होणं चालूच. थोड्याच वेळात मीटर कोकलू लागला.

थंड झाल्यावर गाडी लिफ्टवर घेतली. केबिनच्या फळीखालून जाणारा रबरी जोड वरून नव्यासारखा दिसत होता. बोट खालून फिरवलं तेव्हा क्लिपलगत नख शिरेल एवढी चीर लागली, कडा काळ्या आणि चिकट. वरच्या फळीच्या फटी थेट मालकांच्या पायाशी उघडत होत्या. शेतातल्या फाटकापाशी गाडी बंद करून ते थर्मासमधला चहा प्यायचे, तेही खिडक्या लावून, माश्या नकोत म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वीडनमध्ये युद्धकाळात अशा गाड्यांमुळे विषबाधा झालेल्यांची संख्या मोठी होती. त्यातले किती जण थांबलेल्या गाडीपाशी होते, हा विचार तेव्हा मनात आलाच.

उष्णता सोसणारा नवा जोड टाकला, फळीच्या फटी बुजवल्या. तपासणी मात्र उलटी केली: मिक्सरकडचं, म्हणजे गॅस आणि हवा मिसळतात तिथलं, तोंड बंद करून नळीत हवा भरली आणि प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. पुन्हा गॅसवर घेतली, तर हवेची झडप चांगली निम्मी उघडता आली आणि गाडीने मागचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता काढला. बंद केल्यावर भट्टीचा व्हेंट, म्हणजे गॅस बाहेर सोडणारं तोंड, उघडायचा आणि आत बसून राहायचं नाही, हे मालकांना दोनदा सांगितलं.

बिल करताना आमच्या मॅनेजरबाई अडल्या. त्यांच्या यादीत कोळशाच्या भट्टीला कोडच नाही. शेवटी 'इंधनप्रणाली, इतर' यात टाकलं.